ठणठणीत उजवा पाय

ती. वन्सं यांस,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार. आमच्या घरात सध्या वाकता येणारी मी एकटीच आहे, तेव्हा हा नमस्कार दोघांच्या वतीने समजावा. (असं का, ते पुढे येईलच. तुम्हाला पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, हे तुमच्या भावाने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. या वेळी कृपा करून क्रमाने वाचा.) तुमची तब्येत कशी आहे? घसा सुटला का? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की घसा पार बसलाय, आवाज फुटत नाहीये. पण तो न फुटणारा आवाज आमच्या स्वयंपाकघरातून निघून जिन्यापर्यंत गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मला थांबवून 'नणंदबाईंना आराम पडला का?' असं विचारलं. तरी घसा जपा. गुळण्या करा. त्या घशाकडे माझं थोडं काम आहे.

आता फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही मनात म्हणाल. मनात कशाला, मोठ्यानेच म्हणाल. तर आपलं फोनवरचं बोलणं कसं होतं ते आठवा. तुम्ही बोलता, मी हो म्हणते. मग भावोजी फोन काढून घेतात आणि त्यांच्या टर्फच्या, म्हणजे त्या भाड्याने द्यायच्या मैदानाच्या, जाळीला नवीन भोकं कुठे पडली ते सांगतात. मग तुम्ही फोन परत घेता आणि मघाशी काय सांगत होतात ते मला विचारता. शिवाय फुटबॉलचा हंगाम संपल्यापासून तुमचे बंधुराज दिवसभर घरीच असतात, सोफ्यावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. आमचं घर असं की एका खोलीत उसासा टाकला तर दुसऱ्या खोलीतून 'काय झालं?' असं येतं. त्यामुळे हे पत्र मी माझ्या चष्म्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत लिहिते आहे. मध्येच अक्षर मोठं-लहान झालं तर समोरच्या भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याचा परिणाम समजा.

बंधुराजांची खुशाली आधी सांगते. त्यांना मैदानावर लोक 'खांब' म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे. गोलसमोर उभे राहिले की हलत नाहीत, समोरून येईल तो आपटून परत जातो, म्हणून खांब. भर सामन्यात हजारो लोक 'खांब! खांब!' ओरडतात तेव्हा माझा ऊर भरून येतो, नाही म्हणत नाही. घरातही तोच प्रकार आहे, फक्त ओरडणारी मी एकटी असते. दारावरची घंटा वाजो, दूध उतू जावो, खांब जागचा हलत नाही. सुरुवातीला मी हा आळस समजत होते. वन्सं, तो आळस नव्हता. त्यांचा डावा गुडघा गेलाय. हे तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलेली आहे, म्हणून मी सांगत नाहीये, फक्त लिहिते आहे.

झालं असं की हंगामाच्या मध्यावर गुडघा कटकट वाजायला लागला. सराव संपला की लंगडत यायचे. आता फुटबॉलवाल्यांची एक रीत मला इतक्या वर्षांत कळली आहे: करार संपत आलेला असला आणि वय तिशीच्या पलीकडे गेलेलं असलं की खेळाडूने शिंकायचंसुद्धा नसतं. गुडघा म्हटलं की क्लबचे लोक गोड हसतात, पाठीवर थोपटतात आणि तुमच्या जागेवर दुसरा बघायला लागतात. घोटा मुरगळला तर मात्र चालतं, तो बरा होतो. तेव्हा प्रशिक्षकाने 'का रे लंगडतोस?' विचारल्यावर आमच्या हुशार माणसाने सांगितलं, घोटा मुरगळलाय. इथपर्यंत ठीक होतं. पण कुणी डाव्या पायाकडे बघायलाच नको, म्हणून घाबरून सांगितलं की उजवा.

झाली का पंचाईत! दुखतोय डावा, सांगितलाय उजवा. त्या दिवसापासून मैदानावर उजव्या पायाने लंगडायचं आणि घरी डाव्या. तुम्ही एकदा दुखऱ्या डाव्या पायावर भार देऊन उजव्याने लंगडून बघा (नको, बघू नका, तुमचं वजन भावोजींना उचलायला लागेल). क्लबचा फिजिओ बिचारा मोठा कामसू माणूस. त्याने त्या निरोगी घोट्याला रोज पट्ट्या बांधल्या, तेल लावलं, विजेचे झटके दिले, गरम पाण्यात ठेवला, थंड पाण्यात ठेवला. असे लाड माझ्या माहेरीसुद्धा कुणी माझे केले नाहीत. आणि घरी आल्यावर मी डावा गुडघा चोळत बसायची. म्हणजे एका माणसाच्या दोन पायांना दोन वेगळी माणसं, आणि दोघांची एकमेकांना ओळख नाही. पोस्टमास्तरांनी मला एकदा हळूच विचारलं, साहेब सकाळी जाताना या बाजूला झुकतात आणि संध्याकाळी परत येताना त्या बाजूला, हा काही व्यायाम आहे का? मी म्हटलं, नवीन बूट आहेत. त्यांनी मान हलवली, पण आयुष्यभर पाकिटावरून आतलं ओळखलेला माणूस तो. त्यांना पटलं नसणार.

आता मामांकडे वळते. (मामा म्हणजे तुमचेही मामाच, त्यामुळे मी जपून लिहिते. तुम्ही मात्र जपून वाचू नका.) विमा विकायचं सोडून मामा भाच्याचे एजंट झाले तेव्हापासून त्यांच्या चालण्यात फरक पडलाय. दोन फोन बाळगतात, त्यातला एक बंद असतो. भाच्याच्या पगारातला दहावा हिस्सा त्यांचा, पण बोलण्यात नऊ हिस्से त्यांचे असतात. 'आम्ही गोल वाचवला', 'आम्हाला पिवळं कार्ड दाखवलं.' तर या मामांनी आपला करार संपता संपता एक दूरचा क्लब गाठला. दोन वर्षांचा करार, पैसे आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. अट एकच, मेडिकल. म्हणजे त्यांचे डॉक्टर खेळाडूला आधी तपासणार आणि मगच घेणार, आपण बाजारात टोमॅटो दाबून बघतो तसं.

मी मनातून म्हटलं, सुटलो. आता मशीनच सांगेल, आपल्याला कुणाला वाईट व्हायला नको. मी त्या दिवशी दुकानात इतकी खुशीत होते की एका आजोबांना चष्म्याची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. आणि तिकडे काय झालं असेल? नव्या डॉक्टरांनी आधी जुन्या क्लबची फाईल उघडली. त्यात पानोपानी उजवा घोटा. उजवा सुजला, उजवा बांधला, उजवा सुधारतोय. मग काय, त्यांनी डोळ्यांत तेल घालून उजवा पाय तपासला. मशीनमध्ये घातला, पुढून फोटो, मागून फोटो, वाकवला, ताणला, ठोकला. डाव्याला नुसतं विचारलं, काही तक्रार? खांब म्हणाले, नाही. एका पायावर उभे राहा म्हणाले, हे उजव्यावर उभे राहिले. डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. म्हणे एवढा ठणठणीत पाय विशीतल्या पोरांचाही नसतो. नसणारच हो! अर्धा हंगाम दुसऱ्या कुणाच्या पायाचा इतका सांभाळ केलाय कुणी? मामांनी तिथल्या तिथे चार ठिकाणी फोन केले (चालू असलेल्या फोनवरून), 'भाच्याचा पाय लोखंडी निघाला.'

मी दुकान बंद करून घरी आले तर आमची लिफ्ट बंद, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर तुमचे बंधुराज बसलेले. हातात मेडिकलचा कागद. मला वाटलं माझी वाट बघतायत. तर नाही. पुढचा जिना चढवत नव्हता म्हणून बसले होते. मला बघून हसायला लागले. ती उजव्या पायाची सगळी कथा तिथेच सांगितली आणि आम्ही दोघं इतके हसलो की पोस्टमास्तर दार उघडून बघून गेले. आणि मग हसता हसता त्याने कागदाची घडी घातली. (बंधुराज वगैरे आता राहू दे, मी सरळ 'तो' म्हणते.) म्हणाला, नापास झालो असतो तर सुटलो असतो गं, पास झालो म्हणून अडकलो. आणि रडला. वन्सं, मी त्याला हरल्यावर रडताना पाहिलंय, जिंकल्यावर रडताना पाहिलंय. पास झाल्यावर रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी पण रडले, लपवत नाही. मग एकेका पायरीवर थांबत आम्ही वर गेलो, तो कठड्याला धरून आणि मी त्याला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, गुपचूप, माझ्या भावाच्या नावाने. पण नशीब बघा. डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, तुम्ही खांब ना? ते निघाले आपल्या विरोधी क्लबचे पक्के भक्त! याच खांबाला त्यांनी प्रेक्षकांतून कायकाय शिव्या घातल्या आहेत, ते त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि त्या आठवून लाजले. मग गुडघ्याचे फोटो काढून बघितले आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, अहो, आमचा पुढचा खेळाडू तुमच्यावर आपटायचा तेव्हा मला वाटायचं, याला दुखत कसं नाही! आत्ता थांबलात तर एक ऑपरेशन करू, मग चालाल, जिना चढाल, सायकल चालवाल. अजून एक हंगाम याच गुडघ्यावर खेळलात तर सांधा बदलावा लागेल, आणि इतक्या कमी वयात बदललेला सांधा जन्माला पुरत नाही. शत्रुपक्षाचा माणूस एवढा कळवळून सांगतोय म्हटल्यावर खोटं कशाला असेल? पैसेही घेतले नाहीत, फक्त म्हणाले, त्या फायनलला तो चेंडू हाताला लागला होता की नाही, तेवढं खरं सांगा. याने सांगितलं नाही.

एवढं कानांनी ऐकून आल्यावरही तो परवा शुक्रवारी सही करणार आहे. मी सगळं करून पाहिलं. समजावलं, भांडले, एक दिवस अबोला धरला (तो त्याच्या लक्षातच आला नाही). दुकानात मी दिवसभर लोकांना काचा बदलून विचारते, 'हे नीट दिसतंय की ते?' तसं त्यालाही विचारलं. एकीकडे दोन वर्षांचा पगार, दुसरीकडे उरलेला सगळा जन्म, कुठलं नीट दिसतंय? मामा मध्ये पडले. म्हणाले, सही हाताने करायची असते, गुडघ्याने नाही. त्यांनी फोटोसाठी सूट शिवायला टाकलाय. आपल्याच क्लबने चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला ये म्हणून विचारलंय, ते मी मामांना सांगितलं. त्या पगारातला दहावा हिस्सा मामांच्या सुटाच्या बटणांनाही पुरणार नाही, त्यामुळे त्यांना ते ऐकूच आलं नाही. पण मामा हे खरं कारण नाही. मामांना तो एरवीही कुठे जुमानतो?

खरं कारण तुम्ही आहात, वन्सं. रागावू नका, पुढे वाचा. भावोजींनी टर्फसाठी कर्ज काढलं तेव्हा जामीन म्हणून हा राहिला. कमानीवर याचा एवढा मोठा फोटो लावलात, डावा पाय हवेत (आणि डोक्यावर आहेत त्याच्या तिप्पट केस). त्या टर्फवर किती लोक खेळतात आणि भावोजी एकटेच किती वेळ खेळतात, ते मी विचारत नाही. पण याच्या डोक्यात एकच बसलंय, की टर्फ आपल्या पायांवर उभं राहीपर्यंत आपण आपल्या पायांवर उभं राहायचं. तुम्ही एका शब्दाने कधी काही मागितलं नाहीत, हे मी जाणून आहे. मागितलं असतंत तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. तुम्ही तुमच्या पहिल्या पगारातून त्याला बूट घेऊन दिलेत, पाय वाढणार म्हणून चांगले दोन नंबर मोठे, आणि त्यात कागदाचे बोळे कोंबून हा पहिली स्पर्धा खेळला. ते बोळे अजून त्याच्या मनात आहेत. मी म्हटलं, ताईंना तुझा गुडघा गेलेला चालेल का? तर म्हणतो, ताईला कळवायचंच नाही.

आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी तुम्ही कदाचित विसरला असाल. लहानपणी हा घरासमोरच्या मोकळ्या जागेत खेळत राहायचा. सासूबाई बोलवायच्या, हा यायचा नाही. सासरे काठी घेऊन उभे राहायचे, तरी नाही. मग तुम्ही गॅलरीत यायचात आणि एकदाच हाक मारायचात: 'पुरे झालं, ये घरी!' त्या हाकेने म्हणे दुसऱ्या गल्लीतली पोरंसुद्धा आपापल्या घरी पळायची. एकदा गोलरक्षक पडलेला, समोर गोल उघडा, चेंडू याच्या पायात. तेवढ्यात तुमची हाक आली. आणि हा चेंडू तिथेच टाकून घरी आला. सवंगडी वर्षभर त्याला चिडवत होते. मी विचारलं, एक लाथ मारून यायला काय झालं होतं? तर म्हणाला, ताईने बोलावलं ना.

बस, एवढंच सांगायचं होतं. मोठ्यांना नमस्कार, भावोजींना विशेष नमस्कार, आणि त्यांना म्हणावं जाळीची भोकं शिवताना चष्मा लावा, मी तोच नंबर पुन्हा पाठवते.

तुमची,
लाडकी की नावडती ते तुम्हीच ठरवा, अशी
भावजय

ता. क. हे पत्र मामांच्याच हाती पाठवते आहे, कारण ते उद्या सकाळीच तुमच्या गावच्या शिंप्याकडे सुटाचं शेवटचं माप द्यायला येणार आहेत. ते वाटेत उघडतील अशी भीती नको. पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत 'बिल' असं लिहिलंय. मामांना चहा द्या, पण पत्र त्यांच्यासमोर वाचू नका. सुटाचे पैसे त्यांनी अजून दिले नसतील तर शिंप्याला जरा थांबायला सांगा.

दुसरा ता. क. टर्फबद्दल मी वर जे काही लिहिलं त्यातलं काही मनावर घेऊ नका. जामीन आम्ही आहोत आणि राहू. पोरांना शिकवायचा पगार आणि माझं दुकान मिळून आमचं भागेल, फक्त काही महिने तुमचा हप्ता पुढे-मागे झाला तर आम्हाला जमेल तसं बघू. मला तुमच्याकडून पैसे नकोत, भावोजींकडून हिशोब नको. मला उतारवयात जिना चढताना तो माझ्या पुढे चालायला हवाय. माझं सांगून झालं, डॉक्टरांचं सांगून झालं. या वेळीही गोल समोर उघडा आहे आणि चेंडू त्याच्या पायात आहे. वन्सं, फक्त एकदा हाक मारा.

तिसरा ता. क. पत्र बंद करायला घरी आणलं तर त्याने सोफ्यावरून विचारलंच, काय लिहितेस? मी म्हटलं, ताईंना बिल पाठवतेय. तर म्हणाला, त्यात लिही, मी एकदम मजेत आहे आणि पाय ठणठणीत आहेत. त्याप्रमाणे कळवते की तो मजेत आहे आणि पाय ठणठणीत आहेत. हे सांगून तो सोफ्याच्या हाताला धरून उठला, उजव्या पायावर उभा राहिला, आणि आता गॅलरीत जाऊन खालच्या पोरांचा खेळ बघत बसलाय. तुम्ही फोन गुरुवारी करा, दिवे लागायच्या वेळेला. त्या वेळी घरी यायची त्याला सवय आहे.